उष्णतेची उपसा योजना

संगणकाच्या प्रोसेसरला ऐपतीबाहेर पळवायचं आणि तो तापला की विजेवर चालणारी गार फरशी त्याच्या डोक्यावर ठेवायची, हे मध्यमवर्गीय घराला झेपतं का, असं मला कुणी विचारलं तर मी ‘नाही’ म्हणेन. अजून कुणी विचारलेलं नाही. पण नाशिकमध्ये या विषयावर अधिकारानं बोलू शकणाऱ्या ज्या काही स्त्रिया असतील त्यांच्यात माझा नंबर बराच वरचा लागेल, आणि हे ज्ञान वाया जातंय याचं मला अधूनमधून वाईट वाटतं.

आई संक्रांतीच्या आधी गेली. त्यानंतर दादा, म्हणजे माझे वडील, घरात पाहुण्यासारखे वावरायचे. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायचे. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस, कालव्यांवर हुकूम चालवलेला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला म्हणायचा, “संध्या, माठातलं घेऊ का गं?” मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दुःखावर काय काय लिहिलं गेलंय याची मला चांगली कल्पना आहे. ते कुठल्या कपाटात आहे हेही ठाऊक आहे. पण माठातल्या पाण्यावर कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही.

मग एप्रिलमध्ये त्यांना माळ्यावर ती कॅसेट मिळाली.

पूर्वी दर रविवारी सकाळी रेडिओवर शास्त्रीय संगीत लागायचं. दादा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते भरून घेत. त्या वेळी घरात श्वास घ्यायचा तोही तोंड उघडून नाही, असा नियम होता. नियम मी पाळायचे, शेजारचं कुत्रं पाळायचं. आई पाळायची नाही. त्यामुळे दादांच्या संग्रहात एकही राग अखंड नव्हता. भैरवीत कुकरची शिट्टी होती, तोडीत भांड्यांचा ढीग कोसळला होता, आणि या कॅसेटवर, एका सनईवादनाच्या मागे, आई बोलत होती. काय बोलत होती ते कळत नव्हतं. सनई पुढे, आई मागे. “वाट लावली हिनं रेकॉर्डिंगची,” असं तेव्हा दादा आठवडाभर म्हणत होते.

आता त्यांना सनई नको होती.

आमच्या घरी एक जुना संगणक होता. कॉलेज रोडच्या गल्लीत दुकान असलेल्या दिनेशनं तो आम्हाला विकला होता. दिनेश तिशीचा, गोड बोलणारा, आणि आम्हाला काका-ताई म्हणत आमच्याकडून काय वाटेल ते करून घेणारा. त्यानं सांगितलं, “काका, एक सॉफ्टवेअर आहे. त्याला नको असलेल्या आवाजाचा नमुना ऐकवायचा. मग तो तसला आवाज कॅसेटभर वेचून वेचून काढतो. तांदळातले खडे काढल्यासारखा.”

दादांनी कॅसेट संगणकात उतरवली. उतरवून झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, खात्री करावी म्हणून ती परत टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तर त्यानं ती खाल्ली. फीत इतक्या ठिकाणी चुरगळली आणि तुटली की पेन्सिल घालून गुंडाळण्यासारखंही काही उरलं नाही. म्हणजे आता आई फक्त संगणकात होती. दादांनी संगणकावर आईचा एक जुना रुमाल झाकून ठेवला, धूळ बसू नये म्हणून.

खडे वेचायला संगणकाला साधारण अख्खी दुपार लागणार होती. अडचण अशी की त्या वर्षी आमच्या भागात सकाळी एकदा आणि दुपारी एकदा वीज जायची. मधला जो वेळ मिळायचा त्यात वेचणी पुरी होत नसे. वीज गेली की सगळे खडे परत तांदळात.

दादा विजेच्या कचेरीत गेले. मी सोबत होते. भारनियमन एक दिवसापुरतं पुढे ढकलता येईल का, असं त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं. खिडकीतल्या गृहस्थांनी तितक्याच सभ्यपणे विचारलं, “लग्न आहे का घरात?”

“नाही.”

“बारावीचा पेपर?”

“नाही.”

“मग कारण काय लिहू?”

“पत्नीचा आवाज स्वच्छ करायचाय.”

गृहस्थांनी लेखणी खाली ठेवली. “पत्नी कुठं असतात?”

“वारल्या.”

“अच्छा.” ते खरोखर विचारात पडले. त्यांचा चेहरा मला आवडला. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, “मग मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. साक्षांकित. उपयोग होणार नाही, पण अर्ज पूर्ण दिसेल.”

निघताना त्यांनी दादांना बाजूला घेऊन कानात सांगितलं की रविवारी दुपारी बहुतेक वीज जात नाही. “बहुतेक हं,” ते म्हणाले. “माझं नाव नका घेऊ.” आम्हाला त्यांचं नाव माहीतच नव्हतं.

पण ‘बहुतेक’ या शब्दावर विसंबून कालव्याचं पाणी सोडता येत नाही, असं दादांचं मत होतं. त्यापेक्षा संगणक जलद करावा. दिनेश म्हणाला, अगदी होतो. संगणकाच्या एका सेटिंगमध्ये दोन आकडे बदलले की झालं. “काका, तुमचा प्रोसेसर कागदावर तीनशे सहासष्टच्या वेगाचा आहे,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “पण मनानं साडेपाचशेचा आहे.”

हे वाक्य दादांना फार भिडलं. आपल्या खात्यात अशी कितीतरी माणसं होती, असं ते वाटेत म्हणाले.

आकडे बदलले. संगणक खरंच पळायला लागला. आणि ऐन मे महिन्यात, पत्र्यासारख्या तापलेल्या गच्चीखालच्या खोलीत, थोडा वेळ पळून गप्प व्हायला लागला. पडद्यावर चित्र तसंच, बाण तसाच, आतलं कुणीतरी मात्र उठून गेलेलं. दादा कॅबिनेटवर हात ठेवायचे. आईच्या कपाळावर ठेवायचे तसा. “ताप आहे,” म्हणायचे.

मोठा पंखा बसवावा, एवढं साधं उत्तर होतं. पण साधं उत्तर कानावर पडेपर्यंत दिनेशनं त्यांना ती फरशी दाखवली होती.

बिस्किटाएवढी पांढरी चौकोनी चकती, तिला एक तांबडी आणि एक काळी वायर. कुठल्याशा मोडक्या पाणी गार करायच्या यंत्रातून काढलेली. तिच्यातून वीज सोडली की एक बाजू बर्फासारखी गार होते आणि दुसरी चटका बसेल इतकी गरम. पेल्टियर तिचं नाव. दादांनी ती तळहातावर ठेवली आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर एखादी योजना मंजूर झाल्याचं तेज आलं.

“ही गार करत नाही, संध्या,” रात्री जेवताना ते म्हणाले. “लोकांचा तोच गैरसमज आहे. ही उपसते. विहिरीतलं पाणी पंप वर काढतो ना, तशी ही इकडची उष्णता उपसून तिकडं टाकते. उपसा योजना आहे ही.”

“मग तिकडचं पाणी कुठं सोडायचं?” मी सहज विचारलं.

दादा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. “तू खात्यात हवी होतीस,” म्हणाले. त्या उन्हाळ्यातलं ते आमचं सर्वांत लांबलेलं संभाषण.

घरी अशी योजना सुरू झाली की ती खाजगी राहत नाही. खालच्या मजल्यावर सुभेदार बहिरू गांगुर्डे राहायचे, मूळचे वणीकडचे, देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले. तोफांनी त्यांचे कान नेले होते, त्यामुळे ते सल्ला द्यायचे तो सगळ्या इमारतीला मिळायचा. “तोफ तापली की आम्ही ओलं पोतं टाकायचो!” ते जिन्यातून म्हणाले. “ओलं पोतं! दुसरं काही नाही!”

“सुभेदार, हा संगणक आहे,” दादा ओरडले.

“तेच म्हणतो! पोतं!”

आणि त्याच आठवड्यात सायखेड्याहून साळूआत्या आली. दादांची मोठी बहीण. भाऊ एकटा पडला म्हणून महिनाभर राहायला आलेली, आणि आल्यापासून त्याला एक क्षण एकटं पडू न देणारी. दादांनी वीज सोडून दाखवली तेव्हा तिनं चकतीला बोट लावून पाहिलं आणि झटकन मागे घेतलं. “अगं बाई, लय गार हाय ही! काय म्हणत्यात हिला?”

“पेल्टियर.”

“पालथी?”

“पेल्टियर, आत्या.”

“तेच. पालथी. बरफ व्हतो का हिच्यात? मग कशाला घेतली?”

दिनेशनं फोनवर बसवण्याची रीत सांगितली. जुन्या संगणकातला एक वीजपुरवठ्याचा डबा फक्त चकतीसाठी वेगळा लावायचा, कारण ती एकटीच प्रोसेसरच्या दुपटीनं वीज खाते. म्हणजे एका तापट माणसाला शांत करायला दुसरा, त्याहून तापट माणूस घरात आणायचा. चकतीच्या गरम बाजूवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा मोठा ठोकळा, त्यावर पंखा. हे सगळं कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून त्याची एक बाजू काढली. आता तो संगणक पोट उघडून झोपलेल्या माणसासारखा दिसत होता.

दादांनी चकती बसवली. वीज सोडली. संगणक सुरू झाला आणि आपण कोण आहोत हे आठवायच्या आतच बंद पडला. ठोकळ्यावर मात्र दव जमलं होतं. चकती उलटी बसली होती. गरम बाजू प्रोसेसरवर आणि गार बाजू पंख्याकडे. एवढ्या परिश्रमानं आम्ही प्रोसेसर शिजवत होतो आणि खोली गार करत होतो.

“मी आधीच म्हनले नव्हते?” आत्या म्हणाली. “नावातच हाय तिच्या.”

प्रोसेसर वाचला. साडेपाचशेच्या मनाचा होता, हे खरंच असावं.

दुसऱ्या वेळी चकती सुलटी बसली आणि मग ते काही दिवस आले जे मला अजून आठवतात. दुपारी बाहेर रस्ते पांढरे पडलेले, खिडकीला ओली चादर, आत अंधारासारखा उजेड. संगणक गुणगुणतोय. पडद्यावर आमच्या त्या रविवारची सनई हिरव्या डोंगररांगेसारखी पसरलेली, आणि दादा तिच्यातून बोट फिरवत चाललेत, “इथं. इथं ती बोलते बघ,” म्हणत. बोटाखाली डोंगरात एक बारीकसा खाचखळगा असायचा. मी त्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे आणि एकही पान उलटायचे नाही. आत्या भिंतीला टेकून पेंगायची. कुणी जागं नव्हतं आणि कुणी झोपलेलंही नव्हतं. मला वाटायचं, वेचणी कधी पुरी होऊच नये. आम्ही असेच त्या डोंगररांगेच्या पायथ्याशी मुक्काम ठोकून राहावं.

दिनेश एकदा येऊन बघून गेला. तो म्हणाला, “काका, अख्खी कॅसेट कशाला साफ करताय? काकू बोलतात तेवढेच तुकडे कापून घेऊ. पाच मिनिटांचं काम. एवढं काहीच लागणार नाही.”

मी दादांकडे पाहिलं. मनात म्हटलं, झालं, संपली योजना. इतके दिवस हे कुणाला कसं सुचलं नाही?

दादांना सुचलं होतं. ते शांतपणे म्हणाले, “ती बोलते तेवढीच ती आहे का? मधे गप्प आहे, ते?”

दिनेशनं डोक्यामागे हात नेला.

“मधेही ती तिथंच आहे ना,” दादा म्हणाले. “ओट्यापाशी. मला ते सगळं पाहिजे.”

जाताना दिनेश दारात मला म्हणाला, “ताई, पाण्याकडे लक्ष ठेवा. गार झाल्यावर दव धरतं. मे आहे, हवा कोरडी आहे, तोवर चालेल. पाऊस लागला की काढून टाका.” मी लक्षपूर्वक ऐकलं. पाऊस लागायला अवकाश होता.

संगणक पळूनही रोजच्या मधल्या वेळात वेचणी थोडी उरायचीच, म्हणून शेवटी ‘बहुतेक’वर विसंबून रविवार ठरला. दादांनी आंघोळ करून स्वच्छ सदरा घातला. आत्यानं संगणकाला हळदकुंकू लावलं. दादांनी विरोध केला नाही, फक्त बोट पंख्यात जाऊ नये म्हणून तिचा हात धरून ठेवला. वेचणी सुरू झाली. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली.

उपसलेली उष्णता अर्थात खोलीतच पडत होती. मी विचारलेल्या प्रश्नाला दादांकडे उत्तर नव्हतं. आणि योजना सुरू झाल्यावर असले प्रश्न विचारायचे नसतात, ही खात्याची पद्धत त्यांनी घरी आणली होती. दुपारी खोली भट्टी झाली. आम्ही तिघं घामानं निथळत पट्टीकडे बघत होतो. पट्टी निम्म्यावर गेली. तेवढ्यात जिन्यात धडधड झाली आणि सुभेदार दारात उभे. त्यांच्यामागे त्यांचा वाळ्याचा कूलर, पाण्यानं काठोकाठ भरलेला.

“आमच्याकडं काय, आम्ही नवराबायको जिन्याच्या सावलीत बसू!” ते म्हणाले. “वहिनींसाठी चाललंय ना हे? मग घ्या! पोतं नको म्हणालात, वाळा तरी घ्या!”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसाला नाही म्हणायला आमच्या घरात कुणालाच येत नाही. येत असतं तर आत्याही महिनाभर राहिली नसती. कूलर लावला. आमच्याकडे नव्हे, संगणकाच्या उघड्या पोटाकडे तोंड करून, कारण पाहुणा तो होता.

वाळ्याचा वास खोलीभर पसरला. ओला, जुना, लहानपणच्या सुट्टीसारखा. आत्या म्हणाली, “जीव आला.” ठोकळा गार झाला, पंखा आनंदानं फिरायला लागला. बाहेर जळता मे होता आणि आमच्या खोलीत, फक्त आमच्या खोलीत, आषाढ लागला. दादांचे डोळे मिटले. माझेही मिटले असावेत. पट्टीनं शेवटचा टप्पा गाठल्याचं मी पाहिलं होतं एवढं खरं.

टप्, असा आवाज झाला.

“घाम फुटलाय रं त्याला,” आत्या म्हणाली आणि पदर पुढे करून पुसायला निघाली.

दादांनी तिला मागे ओढलं. चकतीच्या कडेनं दवाचे मोती धरले होते. कूलरची ती सगळी ओल गार बाजूवर येऊन बसली होती आणि आता एकेक मोती ओळंबून खाली मदरबोर्डवर पडत होता. दादा बटणाकडे झेपावले. त्यांचा हात पोचायच्या आधी आत निळसर काहीतरी चमकलं, जळक्या प्लॅस्टिकचा वास वाळ्याच्या वासात मिसळला, आणि पडदा काळा झाला.

त्या रविवारी वीज गेली नाही. कचेरीतल्या गृहस्थांचा शब्द तंतोतंत खरा ठरला. गेली असती तर संगणक वाचला असता.

सुभेदारांना काही ऐकू आलं नव्हतं. “झालं का काम?” त्यांनी विचारलं.

दादा जमिनीवर बसले. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, “ती आत होती.” मी कूलर बंद केला. दुसरं काय करायचं मला कळलं नाही. आत्यानं पदरानं ते पाणी टिपलं, एकेक थेंब, आणि या वेळी तिला कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो संगणक रिक्षातून दिनेशकडे नेला. वाटभर दादांनी तो मांडीवर धरला होता. दिनेशनं आत बघितलं आणि जीभ चावली. मदरबोर्ड गेला होता. मनानं साडेपाचशेचा असलेला प्रोसेसर गेला होता. चकती तेवढी ठणठणीत होती.

“आणि आतलं?” दादांनी विचारलं.

दिनेशनं हार्ड डिस्क काढली, कानाशी धरून हलवली, फुंकर मारली, आणि आपल्या नव्या संगणकाला जोडली. मी दुकानाच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. एक गिऱ्हाईक बायोडेटा छापून घ्यायला आलं होतं, तेही वाकून पडद्याकडे बघायला लागलं.

“आहे,” दिनेश म्हणाला. “काका, आहे सगळं.”

दादांनी खुर्ची शोधली.

मग त्यानं तेच सॉफ्टवेअर लावलं. नमुना ऐकवला. त्याच्या नव्या संगणकानं, ज्याला कुणी पळवलं नव्हतं की गार केलं नव्हतं, आम्ही चहा पिऊन होईतो सगळी कॅसेट वेचून टाकली. यावर काय भाष्य करावं हे मला अजून कळलेलं नाही. थर्मोइलेक्ट्रिक शीतकरणाबद्दलचं माझं जे मत वर सांगितलं ते मुख्यतः या चहाच्या दरम्यान तयार झालं.

दिनेशनं स्पीकर लावला. सनई पूर्ण गेली नव्हती. कुणीतरी तिला पलीकडच्या गल्लीत नेऊन वाजवावं तशी झाली होती. अलीकडच्या गल्लीत आमचं स्वयंपाकघर होतं. नळ. पातेलं सरकल्याचा आवाज. बांगड्या. कुणीतरी नाक ओढलं, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तसं नाक ओढणारी या जगात एकच व्यक्ती होती.

पाण्याखालून यावा तसा, पण स्वच्छ, आईचा आवाज आला.

“अहो, ऐकताय का? भाकरी एक टाकू का दोन?”

मागे सनई. उत्तर नाही. उत्तर कसं असेल. रेकॉर्डिंग चालू होतं.

कॉलेज रोडच्या त्या दुकानात, बायोडेटावाल्या गिऱ्हाइकासमोर, दादांनी घसा साफ केला.

“दोन,” ते म्हणाले.

सनईनं एक वळण घेतलं.

“बरं,” आई म्हणाली.

रेकॉर्डिंगच्या त्या रविवारी त्यांनी न बोलता दोन बोटं वर केली असतील. किंवा गप्प बस म्हणून हात केला असेल आणि तिनं तिला हवा तो अर्थ काढला असेल. मी विचारलं नाही. स्पीकरमधून परातीत पीठ पडल्याचा आवाज आला आणि मग थापायला सुरुवात झाली. थप, थप, थप, मधे बांगड्या, परत थप. ती गप्प होती आणि तिथंच होती.

दिनेशनं माऊसवर हात ठेवला. “काका, सनई अजून थोडी कमी करता येईल. करू?”

“थांब रे,” दादा म्हणाले. “भाकऱ्या होऊ देत.”